वहीवालीच्या नोंदी: हल्ला-बचाव प्रकल्प, गट ब

५ जानेवारी २०२६, सोमवार

प्रकल्प सुरू. दोन गट, प्रत्येकी चौघं, प्रत्येक गटाला एक सर्व्हर. आपला सांभाळायचा, समोरच्याचा फोडायचा. चार आठवडे फक्त तयारी, हल्ले २ फेब्रुवारीपासून. दोन्ही सर्व्हर एकाच साच्यातून काढलेले आहेत. मॅडमनी त्यांत मुद्दाम भोकं ठेवलीत, पण किती ते सांगणार नाहीत.

तीन सेवा चालू ठेवायच्या: सूचनाफलकाची वेबसाइट, एफटीपी (फाइलींची ने-आण) आणि एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन). मॅडमचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) दर पाच मिनिटांनी तिन्हींचं दार वाजवणार. उत्तर नाही आलं की गुण कापले. त्यामुळे "सगळं बंद करून बसू" हा आमचा पहिला विचार पहिल्याच पाच मिनिटांत बाद झाला. कामाच्या दिवशी रोज दुपारी बॉट सर्व्हरवर एक गुप्त चिठ्ठी ठेवेल. ती समोरच्यांनी वाचली की गुण त्यांचे.

कामं वाटताना व्हायचं तेच झालं. चौघांनाही हल्लाच करायचा होता. राखणदारीत कसली मजा! शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. एकाकडे फायरवॉल (कुणाला आत सोडायचं ते ठरवणारी भिंत), एका मुलीकडे वेबसाइट, एकाकडे नेटवर्कवरची पॅकेट्स (माहितीचे तुकडे), आणि माझ्याकडे ही वही. मॅडमचा नियम: मशीनवर कुणीही काहीही बदललं तर तारीख, वेळ, कुणी, काय, का. वहीत नाही त्याला गुण नाहीत. तासाभरात नावं पडलीसुद्धा: फायरवॉलवाला, वेबवाली, पॅकेटवाला, वहीवाली.

सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या. हल्ला फक्त १०.१०.१ आणि १०.१०.२ या दोन पट्ट्यांत, फक्त ठरलेल्या तासांत. १० पासून सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत (इंटरनेटच्या नियमांचा १९९६ चा दस्तऐवज, आरएफसी १९१८), इंटरनेटवर ते पुढे जातच नाहीत. वर मॅडमनी लॅबच्या स्विचमधून बाहेर जाणारी केबलच काढून स्वतःच्या खणात ठेवली आहे. हा बंदोबस्त मला फायरवॉलपेक्षा जास्त पटला.

७ जानेवारी

आधी स्वतःचंच घर बाहेरून पाहिलं. कोणती दारं उघडी आहेत ते तपासणारा एनमॅप चालवला, आठ पोर्ट (मशीनची क्रमांक असलेली दारं) उघडे दिसले. वहीत "आठ" लिहून मोकळी झाले, तेवढ्यात पॅकेटवाल्याने विचारलं, "सगळे बघितलेस का?" नव्हते बघितले. काही न सांगता चालवला तर एनमॅप नेहमीच्या वापरातले हजारच पोर्ट तपासतो. एकूण आहेत ६५,५३५. सगळे तपासायला लावले तर अकरा निघाले.

वरचे तीन कोणते? एक ३६३२, कंपाइल करायचं काम अनेक मशीनवर वाटून देणारी सेवा, जिचं इथे कुणालाच काम नाही. दुसरा डेटाबेस, मुद्दाम आडबाजूच्या पोर्टवर बसवलेला. तिसऱ्याला जोडलं की तो एका ओळीत नमस्कार करतो आणि गप्प बसतो. बहुतेक मॅडमचा विनोद. तरीही कोणता प्रोग्राम तो पोर्ट धरून बसलाय हे शोधण्यात तासभर गेला.

एफटीपीची आवृत्ती बघून वेबवाली खुर्चीतून उठलीच: व्हीएसएफटीपीडी २.३.४. २०११ च्या जुलैमध्ये उघडकीस आलेलं प्रकरण. या आवृत्तीचा मूळ कोड जिथून सगळे उतरवून घ्यायचे तिथेच कुणीतरी तो बदलून ठेवला होता. आम्ही करून पाहिलं. वापरकर्त्याचं नाव म्हणून काहीही द्यायचं, पण शेवटी हसरा चेहरा, म्हणजे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि एक कंस. :) एवढंच. पासवर्ड कोणताही टाका. एफटीपीची खिडकी थिजल्यासारखी होते, पुढे काहीच येत नाही. दुसऱ्या खिडकीतून पोर्ट ६२०० ला जोडलं आणि "मी कोण" विचारलं, तर उत्तर आलं: रूट. मशीनचा मालक. दोन टिंबं आणि एक कंस! मघाशी स्कॅन केलं तेव्हा ६२०० बंदच होता, कारण तो हाक मारल्यावरच उघडतो. म्हणजे अकराचा आकडाही पूर्ण खरा नव्हता.

एफटीपी नव्या आवृत्तीने बदलला (वेबवाली, सायं. ४:१०). ३६३२ ची सेवा काढली (फायरवॉलवाला, ४:२५).

राहिलेलं: वापरकर्त्यांची खाती, सुरू होताना आपोआप चालणाऱ्या सेवा, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं करणारा). सहा वाजले, लॅब बंद करताहेत. खाती आणि सेवा परवा. क्रॉन नंतर बघू.

९ जानेवारी

खाती. यादीत तेवीस, पण बहुतेक यंत्रणेची स्वतःची, ज्यांना लॉगिन नाही. पासवर्ड असलेली सहा. त्यातलं एकही काढायचं नाही अशी मॅडमची अट ("खऱ्या कार्यालयात लोकांना हाकलता का?"). एक खातं "बॅकअप" नावाचं आहे. सगळ्या फाइल्सच्या प्रती काढणं हे त्याचं काम, म्हणून त्याला सगळं वाचता येतं.

बदलण्याआधी जुने पासवर्ड फोडून पाहिले. पासवर्ड मशीनमध्ये तसाच ठेवत नाहीत, त्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, ठेवतात. हॅशवरून उलटं जाता येत नाही, पण शब्दकोशातला एकेक शब्द घेऊन त्याचा हॅश काढून जुळवत जाता येतं. सहापैकी चार पहिल्या मिनिटात पडले. १९७९ मध्ये मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी युनिक्सवरचे ३,२८९ पासवर्ड गोळा करून हेच केलं होतं. त्यांना २,८३१ सापडले, म्हणजे ८६ टक्के. तेव्हाच्या यंत्रांवर! माणसं तेव्हाही तशीच होती.

सहाही पासवर्ड बदलले (मी स्वतः, दु. ३:३०). प्रत्येक वेगळा, लांब, बंद पाकिटात. वेबसाइटचे पासवर्ड नुसत्या एमडी५ या जुन्या हॅशमध्ये होते, त्यात मीठही (प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा तुकडा) नाही. म्हणजे दोघांचा पासवर्ड एक असेल तर हॅशही एकच दिसणार. ते बीक्रिप्टवर न्यायचं वेबवालीने अंगावर घेतलं. बीक्रिप्ट मुद्दाम संथ आहे, आणि तोच त्याचा गुण. लॉगिन करणाऱ्याला ते कळतही नाही, पण कोट्यवधी शब्द जुळवून बघणाऱ्याचा जीव जातो.

१२ जानेवारी

फायरवॉलवाल्याने आज आम्हा सगळ्यांना घराबाहेर काढलं.

नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तो चालतो. त्याने आधी "येणारं सगळं टाकून द्या" हे धोरण लावलं. एसएसएचला परवानगी देण्याचा नियम पुढच्या ओळीत टंकणार होता. टंकला नाही, कारण पहिली ओळ एंटर केली त्या क्षणी त्याचं स्वतःचंच एसएसएच तुटलं. पडदा गोठला. तो बराच वेळ एंटर दाबत राहिला. बॉटने पाच मिनिटांनी तिन्ही सेवा लाल केल्या. तयारीच्या आठवड्यात गुण कापत नाहीत म्हणून वाचलो.

मॅडमनी त्यांच्या मशीनवरून कन्सोल (नेटवर्कशिवाय थेट मशीनचा पडदा) उघडून दिला आणि काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. मग एवढंच दाखवलं की आयपीटेबल्स-अप्लाय नावाची सोय आहे: नवे नियम लावते, "अजून आत आहात का?" असं विचारते, आणि ठरावीक वेळात उत्तर आलं नाही तर जुने नियम परत आणते.

नवीन क्रम: आधीपासून जोडलेल्यांना राहू द्या, मग तीन सेवांना परवानगी, मग बाकी सगळं बंद. (फायरवॉलवाला, सायं. ५:०५, आयपीटेबल्स-अप्लाय वापरून.)

१३ जानेवारी

नको असलेल्या सेवा बंद केल्या: छपाई, मेल, ब्लूटूथ, वेळ जुळवणारी सेवा, नमस्कार करणारा पोर्ट. (फायरवॉलवाला, दु. २ ते ३.) आता बाहेरून फक्त तीन पोर्ट दिसतात. छान वाटतंय.

१६ जानेवारी

आज दोन्ही गट एका स्विचवर, मॅडमच्या देखरेखीखाली एआरपीचा प्रयोग. पॅकेटवाल्याचा दिवस.

नेटवर्कवरचं मशीन दुसऱ्याला पॅकेट पाठवण्याआधी मोठ्याने विचारतं: "हा पत्ता कुणाचा?" ज्याचा असेल तो सांगतो, आणि विचारणारा ते मुकाट्याने लिहून घेतो. उत्तर देणारा खरंच तोच आहे का, हे तपासण्याची सोयच नाही. या विचारण्या-सांगण्याचं नाव एआरपी. हा प्रोटोकॉल १९८२ चा, एकमेकांवर विश्वास असलेल्या लोकांनी केलेला. न विचारता उत्तर दिलं तरी बहुतेक मशीन लिहून घेतात. पॅकेटवाल्याने माझ्या लॅपटॉपला सांगितलं की सर्व्हर म्हणजे मीच, आणि सर्व्हरला सांगितलं की वहीवाली म्हणजे मीच. दोघांनीही ऐकलं.

मग मी नेहमीप्रमाणे एफटीपीने लॉगिन केलं. मला काहीच वेगळं जाणवलं नाही. ना वेग कमी झाला, ना कसली सूचना आली. त्याने वायरशार्कचा (जाणारी-येणारी पॅकेट्स दाखवणाऱ्या प्रोग्रामचा) पडदा माझ्याकडे वळवला. यूझर, पुढे माझं नाव. पास, पुढे माझा पासवर्ड, अक्षर न अक्षर, त्या काळ्या ओळीत. वाचून अंगावर काटा आला हे लिहिलं पाहिजे, कारण पुस्तकात हे शंभरदा वाचून काही झालं नव्हतं.

तोच प्रकार एसएसएचवर केला. पॅकेट्स त्याच्याकडून जात होती, पण दिसला नुसता कचरा. शिवाय सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा पाहायचा म्हणून त्याने आपलंच नकली एसएसएच मधे बसवलं, तेव्हा माझ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत धमकीवजा मजकूर आला. (खरं सांगायचं तर एरवी मी तो न वाचता पुढे गेले असते.) एसएसएच जन्मलं तेच अशा प्रसंगातून. १९९५ मध्ये हेलसिंकीतल्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड ऐकत बसलं होतं, त्यानंतर तिथल्या तातू इलोनेन यांनी ते लिहिलं.

२१ जानेवारी

वेबसाइटच्या लॉगिनमध्ये नावाच्या जागी एक अवतरणचिन्ह आणि "किंवा एक बरोबर एक" अशा अर्थाचं शेपूट टाकलं की पासवर्डशिवाय आत. डेटाबेसला विचारायचा प्रश्न आणि वापरणाऱ्याने टंकलेला मजकूर एकाच दोरीत ओवला की हे व्हायचंच. डेटाबेसला कुठे प्रश्न संपला आणि कुठे मजकूर सुरू झाला हे कळत नाही. १९९८ पासून छापून आलेली युक्ती आहे, आणि अजून चालते.

वेबवालीने आधी सोपा उपाय केला: मजकुरात डेटाबेसच्या भाषेतले "सिलेक्ट" वगैरे शब्द दिसले की नकार. अर्ध्या तासात बॉटने वेबसाइट लाल केली. कारण सापडेना, आम्हाला तर साइट मस्त चालताना दिसत होती. शेवटी बॉटने टाकलेल्या चाचणीच्या सूचना वाचल्या. एक होती: "संघाचे सिलेक्शन उद्या." चाळणीने सिलेक्शनमधलं सिलेक्ट पकडलं होतं.

चाळणी काढली. सगळे प्रश्न आता बांधीव आहेत: प्रश्नाचा साचा आधी डेटाबेसकडे जातो, मजकूर नंतर वेगळा जातो, आणि तो मजकूरच राहतो, कितीही अवतरणं टाका. एकूण चौदा जागा बदलल्या. (वेबवाली, रात्री ७:४०. लॅबवाल्या काकांनी दोनदा किल्ल्या वाजवल्या.)

२ फेब्रुवारी

हल्ल्यांचा पहिला दिवस. दुपारी दोन ते पाच.

आजपासून सगळी रहदारी मॅडमच्या गेटवेमधून येते, आणि गेटवे सगळ्यांना एकच पत्ता चिकटवतो. बॉट, समोरचा गट, आमचे स्वतःचे लॅबमधले पीसी, सगळे सर्व्हरला १०.१०.२.१ असेच दिसतात. "समोरच्यांचा पत्ता अडवला की झालं" असं कुणी करू नये म्हणून. हे कागदावर लिहिलेलं होतं. आम्ही वाचलंही होतं.

आणि तरीही फायरवॉलवाल्याने सकाळी फेल२बॅन बसवलं: पाच वेळा पासवर्ड चुकला की तो पत्ता एक तास बंद. २:०४ ला समोरच्यांनी एसएसएचवर पासवर्डचा मारा सुरू केला. २:०५ ला फेल२बॅनने इमानेइतबारे गेटवेचा पत्ता बंद केला. म्हणजे बॉटसकट सगळे बाहेर. म्हणजे आम्हीही. त्यांना आत यायची गरजच नव्हती. आमचं दार आम्हीच लावून घ्यावं एवढंच त्यांना हवं होतं.

कन्सोलसाठी पुन्हा मॅडमकडे. ४० मिनिटांचे गुण गेले. आता फेल२बॅन कुणाला अडवत नाही, फक्त चुकलेल्या प्रयत्नांची रोजची यादी मेलऐवजी फाइलमध्ये टाकतं. ती मी रोज संध्याकाळी बघते.

४ फेब्रुवारी

आज आमची पाळी. त्यांची वेबसाइट पक्की होती, चौदाच्या चौदा जागा त्यांनीही बुजवलेल्या. पण त्यांच्यातल्या कुणीतरी मुख्य फाइल बदलण्याआधी तिची प्रत तिथेच शेजारी ठेवली होती, नावाला शेवटी "बॅक" लावून. सर्व्हर पीएचपी (वेबसाइटचा कोड) चालवतो ते फाइलचं शेवटचं आडनाव बघून. "बॅक" बघितलं की तो कोड न चालवता सरळ वाचायला देतो. दिला. त्यात डेटाबेसचा पासवर्ड, आणि तोच पासवर्ड एफटीपीलाही. एक चिठ्ठी आमची! वेबवालीने टेबल वाजवलं.

मग ती गप्प झाली आणि आमच्याच सर्व्हरवर तसल्या प्रती शोधू लागली. तीन निघाल्या. काढल्या (वेबवाली, ४:५०).

६ फेब्रुवारी

तीन ते चार, दोन्ही बाजूंना पूर करायची मुभा.

टीसीपीत (दोन मशीन एकमेकांशी बोलण्याची इंटरनेटची पद्धत) जोडणी तीन पावलांत होते. येणारा "येऊ का" म्हणतो, सर्व्हर "ये, मीही तयार" म्हणतो आणि त्याच्यासाठी एक जागा धरून ठेवतो, मग येणारा "आलो" म्हणतो. पुराचा हल्ला म्हणजे खोट्या पत्त्यांवरून हजारो वेळा "येऊ का" विचारायचं आणि तिसरं पाऊल टाकायचंच नाही. धरलेल्या जागा भरतात, खरे पाहुणे दारात. १९९६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर असाच हल्ला झाला आणि सगळ्यांची झोप उडाली.

आमच्याकडे पॅकेटवाला अर्धवट जोडण्यांचा आकडा वाचत होता: नव्वद, दोनशे, दोनशे छप्पन्न. मग तो तिथेच अडकला, आणि बॉट लाल. साच्यात सिनकुकीज मुद्दाम बंद ठेवलेल्या होत्या. एका ओळीत चालू केल्या (पॅकेटवाला, ३:११) आणि साइट परत आली, पूर चालू असतानाच. ही युक्ती डॅनियल बर्नस्टाइन यांची, तीही १९९६ चीच: जागा धरायचीच नाही. जी माहिती लक्षात ठेवायची ती गुंडाळून उत्तराच्या क्रमांकातच पाठवून द्यायची. खरा पाहुणा असेल तर तो क्रमांक एकाने वाढवून परत आणेल आणि त्यावरून सगळं उलगडता येईल. खोटा असेल तर आपलं काहीच अडलेलं नाही. मला ही कल्पना इतकी आवडली की मी वहीच्या मागच्या पानावर तिची आकृती काढली आहे.

१० फेब्रुवारी

पहिल्या आठवड्याचे गुण लागले. आम्हाला वाटत होतं आमची एकही चिठ्ठी गेली नाही. सहाच्या सहा गेल्या आहेत. २ तारखेपासून कालपर्यंत, कामाच्या प्रत्येक दिवशी एक.

लॉगिनच्या नोंदी काढून बसलो. रोज दुपारी तीन-चारच्या सुमारास "बॅकअप" खात्यातून लॉगिन. पासवर्डने. पहिल्याच प्रयत्नात. माझ्या रोजच्या यादीत हे कधीच दिसलं नाही, कारण ती यादी चुकलेल्या प्रयत्नांची आहे. बरोबर आलेल्याकडे आम्ही पाहिलंच नाही.

पण तो पासवर्ड मी स्वतः बदललाय. ९ जानेवारी, ३:३०, वर लिहिलंय. पाकीट बंद आहे.

११ फेब्रुवारी

वाईट दिवस. सरळ लिहिते.

खात्यांच्या यादीत "तपास" नावाचं नवं खातं सापडलं. ३ फेब्रुवारीला तयार झालेलं. वहीत नाही. सगळ्यांना वाटलं, चोर मिळाला. दुपारभर त्या खात्याने काय केलं ते शोधलं. काहीच केलेलं नव्हतं. मग कालच्या चोरीची वेळ, ३:४०, घेऊन मॅडमकडून गेटवेच्या नोंदी मागितल्या: ३:४० ला आमच्या सर्व्हरला कोण जोडलं? उत्तर आलं: आमच्याच पॅकेटवाल्याचा पीसी.

खोलीत कुणी बोलेना. फायरवॉलवाला म्हणाला, "तपास खातं पण तूच केलंस का?" तो म्हणाला, हो, नोंदी वाचायला साधं खातं हवं होतं म्हणून केलं, वहीत सांगायचं राहिलं. आणि पासवर्ड? त्याने पाकिटाकडे बोट दाखवलं. मोहर शाबूत होती. पण तोवर जे मनात यायचं ते येऊन गेलं होतं, माझ्याही. तो बॅग उचलून गेला.

१९८६ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल यांनी हिशेबातला ७५ सेंटांचा फरक पकडून परदेशी घुसखोरापर्यंत माग काढला होता. आमच्या वहीतही एक फरक सापडला आणि आम्ही तो धरून आपल्याच माणसापर्यंत पोचलो.

१२ फेब्रुवारी

सकाळी लवकर आले. कालच्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. आमच्या सर्व्हरची: बॅकअप, ३:४०, येणाऱ्याचा पोर्ट ५१३४४. गेटवेची, पॅकेटवाल्याची: ३:४०, पोर्ट ३९०१८. गेटवे पत्ता बदलतो, पण येणाऱ्याचा पोर्ट मोकळा असेल तर तसाच ठेवतो. मग ५१३४४ कुठे आहे? गेटवेच्या कागदावर बोट फिरवत खाली गेले. सापडला. ३:४७. समोरच्या गटाचा पीसी.

सात मिनिटं. सर्व्हरवर वेळ विचारली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सर्व्हर सात मिनिटं मागे. मग वही मागे चाळली: १३ जानेवारी, "नको असलेल्या सेवा बंद केल्या: छपाई, मेल, ब्लूटूथ, वेळ जुळवणारी सेवा." पुढे माझ्याच अक्षरात: "छान वाटतंय."

पॅकेटवाल्याला फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकला: पोर्ट ५१३४४, ३:४७, तू नव्हतास, चुकलं, ये. वीस मिनिटांनी आला आणि आल्या आल्या कीबोर्ड ओढून घेतला. बरं झालं.

पासवर्डचं कोडं त्यानेच सोडवलं. ज्या फाइलमध्ये हॅश असतात तिथे प्रत्येक ओळीत तिसऱ्या जागी एक आकडा असतो: पासवर्ड शेवटचा कधी बदलला, १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या दिवसांत. पाच खात्यांपुढे २०४६२. गणित केलं: ९ जानेवारी. बरोबर, मी बदलले तो दिवस. "बॅकअप"पुढे २०४९५. म्हणजे काल.

काल कुणीही पासवर्ड बदललेला नाही. मग वाट बघत बसलो, दर मिनिटाला ती ओळ वाचत. दुपारी १:०५ ला डोळ्यांदेखत आकडा हलला: २०४९६.

रोज १:०५. असं घड्याळ लावून काम करणारं मशीनवर एकच असतं. क्रॉनच्या फोल्डरमध्ये पाच फाइल्स, त्यातली एक "लॉग सफाई" नावाची. आत जुने लॉग (नोंदी) पुसणाऱ्या दहा ओळी, अगदी खऱ्या. अकरावी ओळ बॅकअपचा पासवर्ड पुन्हा मूळचा करते. तो पासवर्ड तिथेच लिहिलेला. ही फाइल कुणी आत येऊन टाकलेली नाही. तिची तारीख आम्हाला मशीन मिळण्याआधीची आहे.

फाइल काढली (पॅकेटवाला, १:३२). सहाही पासवर्ड पुन्हा बदलले (मी, १:४०). वेळ जुळवणारी सेवा चालू केली (फायरवॉलवाला, १:४५, मान खाली घालून). "तपास" खातं वहीत चढवलं: ३ फेब्रुवारी, पॅकेटवाला, नोंदी वाचण्यासाठी. तारीख मागची, नोंद आजची.

मग वहीत "क्रॉन" शोधलं. एकाच नोंदीत आला आहे. ७ जानेवारी.

१३ फेब्रुवारी

चिठ्ठी गेली नाही. बॅकअपवर ३:२० ला एक चुकलेला प्रयत्न, ३:२१ ला दुसरा, मग पंधरा मिनिटं शांतता, मग तिसरा. तिकडे काय चेहरे झाले असतील!

२० फेब्रुवारी

प्रकल्प संपला. ते जिंकले, बऱ्याच फरकाने. आमच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडे आठ (१० आणि ११ च्या धरून), त्यांच्या आमच्याकडे तीन.

मॅडमनी दोन्ही वह्या अदलाबदल करून वाचायला दिल्या. त्यांची वही आमच्यापेक्षा निम्मी आहे आणि अक्षर वाईट. ८ जानेवारीची नोंद चारच ओळींची: क्रॉन बघितला. लॉग सफाईत बॅकअपचा पासवर्ड. आपली ओळ काढली. साचा एकच आहे, त्यांच्याकडे पण असणार, २ तारखेला बघू.

आमच्या वहीतली १२ फेब्रुवारीची नोंद त्यांच्यातल्या एकीने दोनदा वाचली आणि विचारलं, ते दिवसांचं गणित कसं केलंत? पॅकेटवाल्याने तिला फळ्यावर करून दाखवलं.

२४ फेब्रुवारी

आवराआवर. पाकिटं फाडली, दोन्ही सर्व्हर पुसले, केबल अजून मॅडमच्या खणातच आहे.

पुढच्या बॅचसाठी नवा साचा करायचा आहे आणि प्रत्येक गटाने त्यात एकेक भोक ठेवायचं आहे. आम्ही चौघांनी त्यावर पूर्ण दुपार भांडण केलं. वेबवालीला फार सोपं नको होतं, फायरवॉलवाल्याला फार दुष्ट नको होतं. शेवटी ठरलं आणि बसवलंही (पॅकेटवाला, सायं. ५:५०). कुठे ते इथे लिहीत नाही. ही वही त्यांना वाचायला मिळणार आहे.